चौथऱ्यावरची तबकडी

माझा नवरा जगापासून दूर राहायला निघाला, तेव्हा त्याने सगळ्यात आधी विकत घेतलं ते इंटरनेट.

साधंसुधं नव्हे, आकाशातून येणारं. पोळपाटापेक्षा जरा मोठी, पांढरी, चौकोनी पाटी. ती उघड्यावर ठेवायची, वरून जाणाऱ्या उपग्रहांशी ती परस्पर बोलते आणि माणूस कुठल्याही कडेकपारीत असला तरी त्याची ऑफिसची मीटिंग चुकत नाही. मोरेश्वर तिला तबकडी म्हणतो. चौकोनी वस्तूला तबकडी का म्हणायचं, असं मी एकदा विचारलं. त्यावर त्याने मला सिग्नल कसा येतो ते पहिल्यापासून सांगायला घेतलं. मी पुन्हा विचारलं नाही.

हा त्याचा स्वभावच. कोणी काही विचारलं की तो खरं सांगतो, पूर्ण सांगतो आणि समोरचा गेल्यावरच थांबतो. कोथरूडमध्ये वाढलेला, जपानमधल्या कावासाकीत राहून टोकियोच्या कंपनीत बारा वर्षं सॉफ्टवेअर लिहिणारा हा माणूस वॉशिंग मशीन बंद करताना त्यावर हलकेच थोपटतो. वस्तू आपल्यासाठी राबतात तर त्यांची जाण ठेवावी, असं त्याचं म्हणणं. बायकोही राबते, हे मी त्याला अधूनमधून आठवण करून देते.

गेल्या वर्षी त्याला ट्रेनमध्ये श्वास घेता येईना. दार बंद झालं की घाम फुटायचा. मधल्याच कुठल्यातरी स्टेशनवर तो उतरायचा, बाकावर बसायचा आणि ऑफिसला कळवायचा की गाडी लेट आहे. इथे गाडी लेट झाली की स्टेशनवर तसा दाखला मिळतो, त्यामुळे ही थाप फार दिवस चालत नाही. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी एका पाळणाघरात नोकरी करते. एका सकाळी कामावर जाताना समोरच्या फलाटावर तो बसलेला दिसला. बॅग मांडीवर, आणि रडत होता. मी इतकी घाबरले की आधी त्याच्याकडे न जाता यंत्रातून पाण्याची बाटली घेत बसले. हातात काहीतरी असल्याशिवाय त्याच्यासमोर जायची मला हिंमत होईना.

डॉक्टरांनी ट्रेन बंद करायला सांगितली. त्याचे साहेब हायाशी-सान यांनी बरीच खटपट करून परवानगी मिळवली: डिसेंबरपर्यंत हवं तिथून काम करा, पण सकाळची मीटिंग चुकता कामा नये आणि मध्येच लाइन तुटता कामा नये. डिसेंबरात विभागप्रमुख ओगावा-बुचो स्वतः पाहतील. ठीक चाललं तर पुढेही चालू. नाहीतर जानेवारीपासून पुन्हा तीच ट्रेन. तेव्हा आमच्या घराचं सगळं त्या पाटीवर येऊन ठेपलं होतं.

"हवं तिथून"चा अर्थ दुसऱ्या कोणी घरचा सोफा असा घेतला असता. मोरेश्वरने नागानोच्या डोंगरातली एक वस्ती घेतली. म्हणजे वस्तीतलं एक रिकामं घर. जपानच्या डोंगरात अशी घरं पैशाला पासरी पडली आहेत. माणसं म्हातारी होतात, मुलं शहरात जातात, घर तसंच राहतं. या घरात मोबाईलला रेंज नव्हती. वीज होती, पण आमच्या मोरेश्वरने छपरावर सोलर बसवलं, कारण "एकदा ऑफ-ग्रिड म्हटल्यावर अर्धवट काय." मी आणि आमची मुलगी स्वरूपा कावासाकीतच राहिलो, माझ्या नोकरीसाठी आणि तिच्या शाळेसाठी. स्वरूपाने ते घर पहिल्यांदा पाहिलं, न्हाणीघरात डोकावली आणि म्हणाली, "मुरी." जपानीत याचा अर्थ, हे आपल्याच्याने होणं नाही. मराठीत एवढं थोडक्यात सांगता येत नाही.

अडचण एकच होती. तबकडीला उत्तरेचं आकाश मोकळं लागतं, आणि घराभोवती सुगीची, म्हणजे जपानी देवदाराची, उंच झाडं. उत्तरेकडे मोकळं आकाश सापडलं ते फक्त वळणावर, जिथे सगळी वस्ती वर्गवारी करून कचऱ्याच्या पिशव्या आणून ठेवते. त्या जागेच्या शेजारी एक दगडी चौथरा होता. गुडघाभर उंच, सपाट, स्वच्छ. मोरेश्वरने खूश होऊन त्यावर तबकडी ठेवली, वायर घरापर्यंत ओढली आणि पहिल्याच दिवशी हायाशी-सानना इतकं स्पष्ट चित्र दिसलं की त्यांनी मागच्या भिंतीवरची पाल कुठल्या जातीची आहे असं विचारलं. असा छान चौथरा मोकळा का पडला असेल, हे विचारायचं त्याला सुचलं नाही. मलाही नाही.

मग खंडेनवमी आली.

आमच्या घरी त्या दिवशी हत्यारांची पूजा होते. हत्यारं म्हणजे लॅपटॉप, मिक्सर, माझी सायकल आणि स्वरूपाचा कॅल्क्युलेटर. तबकडी सुटणं शक्यच नव्हतं. मोरेश्वरने तिला ओल्या फडक्याने पुसलं, कडेला हळदकुंकू लावलं आणि पायाशी झेंडूची माळ घातली. झेंडू शेजारच्या किनोशिता-सानच्या मळ्यातला. ऐंशीच्या घरातली ही बाई कीड लागू नये म्हणून वांग्यांच्या मध्ये झेंडू लावते. उदबत्ती ओवाळून तो हात जोडून उभा होता, तेवढ्यात ती कचऱ्याची पिशवी घेऊन आली.

"यात कोण आहे?" तिने विचारलं.

आता इथे दुसरा कोणी असता तर 'इंटरनेट' एवढं म्हणून मोकळा झाला असता. मोरेश्वर म्हणाला, "यात कोणी नाही. जे आहेत ते वर आहेत."

"किती आहेत?"

"हजारो. सतत फिरत असतात. एक नजरेआड झाला की दुसरा येतो, त्यामुळे आपण कधी एकटे पडत नाही."

"आणि ते करतात काय?"

"मी इथे बोललो की ते वर ऐकतात आणि लांबच्या माणसापर्यंत पोचवतात. माझी आई पुण्यात आहे. तिच्याशी मी रोज यांच्यामुळेच बोलतो. माझं पोटही यांच्यावरच चालतं."

किनोशिता-सानने पिशवी खाली ठेवली, इथे देवळात करतात तशी दोनदा वाकली, दोन टाळ्या वाजवल्या आणि पुन्हा एकदा वाकली.

शनिवारी मी गेले तेव्हा चौथऱ्यावर तीन संत्री, भाताचा एक गोळा आणि साकेची, म्हणजे तांदळाच्या दारूची, लहानशी वाटी होती.

"अरे, इंटरनेट आहे म्हणून सांगायचं ना त्यांना."

"सांगितलं ना. शेवटी सांगितलं."

"मग?"

"त्या 'असं होय' म्हणाल्या आणि परत वाकल्या."

किनोशिता-सानला इंटरनेट म्हणजे काय ते कळत नव्हतं असं नाही. तिच्या नागोयातल्या मुलाने तिला टॅबलेट दिलेला आहे. लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून ती तो ठेवते. पण इंटरनेट आहे म्हणून देव नसेलच, असं तिला वाटलं नाही, इतकंच.

पुढे सगळी वस्तीच यायला लागली. सगळी म्हणजे सातआठ राहती घरं आणि त्यातली तेवढीच म्हातारी माणसं. कोणाचं हरवलेलं मांजर परत आलं, कोणाचा गुडघा दुखायचा थांबला. श्रेय तबकडीला. आणि लोक हात जोडायला उभे राहायचे ते बरोबर तिच्या समोर, रस्त्यावर, म्हणजेच उत्तरेला. माणूस आडवा आला की सिग्नल जायचा. सकाळची मीटिंग चालू असायची, हायाशी-सान एखादा मुद्दा मांडत असायचे आणि तोंड उघडं असतानाच गोठायचे. कोण आलंय हे मोरेश्वरला गोठण्यावरून कळायला लागलं. पोस्टमन आटोपशीर. किनोशिता-सानचं मात्र सावकाश, सगळ्या नातेवाइकांची नावं घेऊन. हायाशी-सानने कारण विचारलं, तेव्हा याने "स्थानिक परिस्थिती" असं उत्तर दिलं. मला वाटतं, आयुष्यात त्याने थोडक्यात दिलेलं हे एकमेव उत्तर.

उपायही त्यानेच शोधला. त्याने वस्तीला सांगितलं, "आमच्याकडे देवळात नंदी आणि पिंड यांच्या मधून जात नाहीत. देवाच्या नजरेच्या आड उभं राहायचं नसतं. बाजूने दर्शन घ्यायचं." मला हसू आलं, पण त्यांना नाही. किनोशिता-सान म्हणाली, "आमच्याकडेही वाटेचा मधला भाग देवाचा असतो. आम्हालाच कळायला हवं होतं." दुसऱ्या दिवशी तिथे बाण काढलेली पाटी आली, लोक बाजूला शिस्तीत रांग लावायला लागले आणि हायाशी-सानचं तोंड मिटायला लागलं.

मोरेश्वर त्या काळात छान झाला. मुळे लावायचा, गाणं गुणगुणायचा, फोनवर स्वतःहून विनोद सांगायचा. विनोद वाईट असायचे. ते ऐकून मी इकडे स्वयंपाकघरात एकटीच रडायचे, कारण वर्षभर तो काहीच बोलला नव्हता. आता डिसेंबर नीट पार पडला की झालं, एवढंच मला हवं होतं.

ओगावा-बुचोंची मीटिंग एका सोमवारी दहाला ठरली. ज्यांच्यासाठी हे काम चाललं होतं त्या नागोयाच्या मोटार कंपनीचे लोकही असणार होते. मोरेश्वर शनिवार-रविवार कावासाकीला आला होता. सोमवारी मी रजा काढून त्याच्याबरोबर गाडीने निघाले, कारण एकटा असला तर तो काळजीने आजारी पडेल अशी मला खात्री होती. आम्ही नऊच्या सुमाराला वळणावर पोचलो आणि मोरेश्वरने गाडी थांबवली.

चौथऱ्यावर देऊळ होतं.

लहानसं, सुगीच्या कोऱ्या लाकडाचं, पुढे जाळीचं दार आणि वर उतरतं पत्र्याचं छप्पर. आत तबकडी, तिच्या पायाशी ताजी संत्री. सगळी वस्ती चांगले कपडे घालून उभी होती. दोन दिवसांत बर्फ पडणार होतं, म्हणून त्यांनी आम्हाला नकळत, आमच्या आनंदासाठी, हे बांधलं होतं.

मोरेश्वरने फोन काढून पाहिला. सिग्नल नव्हता. पत्र्यातून उपग्रह दिसत नाहीत.

"काढ तिला बाहेर," मी मराठीत म्हणाले. "सॉरी म्हण आणि काढ."

तो पुढे झाला, तेवढ्यात किनोशिता-सान बोलायला लागली. या चौथऱ्यावर पूर्वी दगडी जिझो होता, प्रवाशांची आणि लेकरांची काळजी घेणारा. त्याच्यावर छप्पर घालायचं असं सगळे वर्षानुवर्षं म्हणत राहिले. मग एका वादळात दरड आली आणि तो वाहून गेला. खाली नदीपर्यंत शोधला, मिळाला नाही. "एकाला आम्ही उघड्यावर ठेवलं," ती म्हणाली. "याला नाही ठेवणार." आणि ती रडायला लागली. तिच्यामागे ते सगळे म्हातारे मान खाली घालून उभे होते.

मोरेश्वरने उचललेला हात खाली घेतला. मला त्याचा इतका राग आला की सांगता येत नाही. आणि त्याने हात पुढे केला असता तर त्याहून जास्त आला असता, हेही मला कळत होतं.

"उत्तरपूजा," मी म्हणाले.

"काय?"

"गणपतीची करतो तशी. देव तबकडीतून काढून दुसऱ्या कशात तरी बसवू. सुपारीत. तुझ्या देव्हाऱ्यात सुपारी आहे ना?"

त्याचा चेहरा उजळला. त्याने किनोशिता-सानला समजावलं: आमच्याकडे देव पाहुणा म्हणून येतो, त्याचा मुक्काम हलवता येतो. या पाटीला आकाश लागतं, देवाला मात्र घर चालेल, आवडेलही. ती म्हणाली, "आमच्याकडेही नव्या घरात नेतात. पण त्याला विचारून."

"विचारूनच करायचं," मोरेश्वर म्हणाला.

आता विचारणार कोण? आम्हा दोघांना आरतीपलीकडे काही येत नाही. म्हणजे पुण्याला, आमच्या गुरुजींना फोन लावायला हवा. आणि फोन तबकडीशिवाय लागणार नाही. तबकडी देवळात, आणि देवाला विचारल्याशिवाय ती बाहेर काढता येणार नाही. मी डोक्याला हात लावला. मोरेश्वर मात्र जाळीचं दार उघडून, गुडघ्यावर बसून, तबकडी जागच्या जागी थोडी तिरकी करायला लागला. छपराच्या पुढच्या कडेखालून आकाशाची एक चिंचोळी पट्टी दिसत होती. तेवढ्यातून गुरुजी आले. चित्र नाही, तुटक तुटक आवाज. पुण्यात जेमतेम उजाडत होतं.

"मूर्ती कशाची आहे?" गुरुजींनी विचारलं.

"प्लास्टिकची. चौकोनी. आत इंटरनेट आहे, गुरुजी."

"प्राणप्रतिष्ठा केली होतीत का?"

"नाही. नुसतं हळदकुंकू."

"मग त्यात देव नाही. उत्तरपूजेची गरज नाही."

"आम्ही नाही केली, गुरुजी. इथल्या लोकांनी केली. त्यांच्या पद्धतीने."

"मनापासून केली का?"

मोरेश्वरने मागे वळून पाहिलं. "हो. मनापासून."

गुरुजी बराच वेळ बोलले नाहीत. लाइन गेली की ते विचार करत होते, ते कळायला मार्ग नव्हता. मग आवाज आला, "मग आहे. अक्षता घ्या."

सुपारी आली, तांब्या आला, मोरेश्वरच्या खांद्यावर उपरणं आलं, तांदळाला कुंकू लावून झालं. गुरुजी मंत्र म्हणत होते आणि दर दोन शब्दांनी एक शब्द गिळला जात होता. दहाला पाचेक मिनिटं उरलेली बघून मी लॅपटॉप उघडून हातात धरला आणि मीटिंग जोडायचा प्रयत्न करत राहिले. तिथे नुसतं चाक फिरत होतं.

"आता अक्षता टाका," गुरुजी म्हणाले, "आणि मूर्ती उत्तरेकडे सरकवा."

हे मात्र खरंच तसंच आहे. उत्तरपूजेत मूर्ती जराशी उत्तरेला हलवतात. ती हलली की देव निघाला. मोरेश्वरने दोन्ही हातांनी तबकडी उत्तरेकडे ओढली, ती छपराच्या बाहेर आली, आणि गुरुजींचा अख्खा चेहरा फोनवर उमटला, उघडे खांदे, गंध, सगळं. आवाज खणखणीत झाला. मागून म्हाताऱ्यांचा एक लांब निःश्वास ऐकू आला. देवाला विचारलं आणि देवाने उत्तर दिलं, हे त्यांच्या डोळ्यांदेखत झालं होतं.

त्याच क्षणी माझ्या हातातल्या लॅपटॉपवर टोकियोची मीटिंग उघडली. लांब टेबल, ओगावा-बुचो मध्ये, हायाशी-सान कडेला, दुसऱ्या चौकटीत नागोयाचे सूट घातलेले तिघे. त्यांना काय दिसलं असेल ते मी सांगते: टायऐवजी खांद्यावर उपरणं घेतलेला त्यांचा इंजिनिअर, लाकडी देऊळ, वाकलेले म्हातारे आणि कुठून तरी येणारा संस्कृत मंत्रघोष. लॅपटॉप बंद करावा तर मीटिंग तुटली असती. करू नये तर हे सगळं दिसत होतं. मी तशीच उभी राहिले.

"हा कसला समारंभ आहे?" ओगावा-बुचोंनी विचारलं.

मोरेश्वर खरं आणि पूर्ण सांगणार, हे ओळखून मी डोळे मिटले. पण सुपारीवर पाणी सोडताना बोलायचं नसतं. त्यामुळे उत्तर किनोशिता-सानने दिलं. ती लॅपटॉपसमोर आली, कमरेत वाकली आणि म्हणाली, "लाइन सांभाळणाऱ्या देवाला नव्या घरात बसवतो आहोत. थोडा वेळ थांबावं, ही विनंती."

ओगावा-बुचो उठून उभे राहिले. मग सगळं टेबल उठलं. नागोयाचे तिघेही. त्यांच्या कारखान्यातही यंत्रांच्या वर असं लहानसं देऊळ असतं, हे नंतर कळलं. सुपारी देवळात गेली, जाळीचं दार लागलं, आणि टोकियो, नागोया आणि ती वस्ती एकदमच वाकली. पुण्यातल्या गुरुजींनी आशीर्वादासाठी हात वर केला आणि दक्षिणेचं नंतर बघू म्हणून ते गेले.

त्यानंतर मीटिंग झाली. चौथऱ्याच्या कडेवर तबकडी उत्तरेकडे तोंड करून पडली होती, आता नुसतीच पाटी. लाइन एकदाही तुटली नाही. मोरेश्वर उपरण्यातच सगळं समजावून सांगत राहिला आणि इथे मात्र त्याचं लांबण कामाला आलं. शेवटी ओगावा-बुचो म्हणाले की अशी तयारी असेल तर डिसेंबरनंतरही हरकत नाही. मी लॅपटॉपमागे उभी होते. तो तसाच मांडीवर घेऊन मी कचऱ्याच्या जागेच्या कट्ट्यावर बसले.

एक एक करून चौकटी विझल्या. हायाशी-सानची राहिली. टेबलाशी ते एकटेच होते. त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं आणि परत येऊन बसले. मोरेश्वरला वाटलं, आता बोलणी बसणार. तो मान खाली घालून थांबला.

"खांबेटे-सान," हायाशी-सान मोरेश्वरला म्हणाले, आणि थांबले. लाइन गेली असं आम्हाला वाटलं, पण मागचं घड्याळ चालू होतं. "आज मी तीन स्टेशनांवर उतरलो. तीन वेळा परत चढलो. तुमची मीटिंग होती म्हणून चढलो."

मोरेश्वरने मान वर केली.

"त्या वस्तीत," त्यांनी विचारलं, "अजून एखादं रिकामं घर आहे का?"

ज्याला कोणत्याही प्रश्नाचं अर्ध्या तासाचं उत्तर येतं, तो मोरेश्वर पुढे झाला. त्याने माझ्या मांडीवरचा लॅपटॉप उचलला, उतारावर मधोमध जाऊन उभा राहिला आणि अगदी सावकाश वळायला लागला, म्हणजे हायाशी-सानना एकामागून एक बंद खिडक्या नीट बघता येतील.